सोसायटीतील रोजचे वाद: महाराष्ट्रातील सभासदांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका मध्यम आकाराच्या सोसायटीचे सचिवपद काही वर्षे सांभाळल्यानंतर माझ्याकडे इतर सोसायट्यांतूनही प्रश्न येऊ लागले आणि थोड्याच दिवसांत लक्षात आले की गाव बदलले, इमारत बदलली तरी भांडणे तीच राहतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960, त्यात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी घातलेले कलम 154ब आणि 2014 चे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांच्या अंतर्गत नियमांचा शासनाने दिलेला नमुना, यांच्या आधारे दिली आहेत. आपल्या सोसायटीने नोंदणी करून घेतलेले उपविधी वेगळे असू शकतात, म्हणून कपाटातील ती पुस्तिका आधी बाहेर काढावी. ती कोठे आहे हेच कोणाला ठाऊक नसेल, तर प्रश्न 13 पासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

1. आमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे कसे ओळखायचे आणि त्याने फरक काय पडतो?

पाटीवर काय रंगवले आहे याला अर्थ नाही. अनेक अपार्टमेंटच्या फाटकावर सोसायटी असे लिहिलेले असते. आपल्याकडे सहकारी संस्थेचे भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, असेल तर आपण सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद आहात. बिल्डरने घोषणापत्र नोंदवून आपल्याला स्वतंत्र अपार्टमेंट डीड करून दिले असेल, तर आपल्याला महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, 1970 लागू होतो. व्यवहारातला मोठा फरक पैशांत आहे. सोसायटीत सेवाशुल्क सर्वांना समान असते, तर अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो, त्यामुळे मोठ्या सदनिकेला अधिक भरावे लागते. पुढील सर्व उत्तरे सहकारी सोसायट्यांसाठी आहेत.

2. माझा फ्लॅट वन बीएचके आणि शेजाऱ्यांचा थ्री बीएचके, तरी दोघांना मेंटेनन्स सारखाच कसा?

या प्रश्नावर सभा जितक्या तापतात तितक्या दुसऱ्या कशावरही तापत नसतील. गोंधळाचे मूळ असे की मेंटेनन्स हा एकच आकडा आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात बिलात अनेक रकमा असतात आणि प्रत्येकीच्या वाटपाची रीत निराळी असते.

सुरक्षारक्षक, झाडलोट, जिन्यातील दिवे, कार्यालयाचा खर्च, हिशेबनिसाचे मानधन हे सारे सेवाशुल्कात येते आणि ते प्रत्येक सदनिकेला समान असते. चौकीदार मोठ्या घराची राखण जास्त आणि लहान घराची कमी करत नाही, असा त्यामागील विचार आहे. मालमत्ता कर मात्र स्थानिक संस्था ज्या घरावर जितका आकारील तितका त्या घराने द्यायचा असतो. पाण्याचा खर्च प्रत्येक घरातील नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटला जातो. दुरुस्ती व देखभाल निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी, यांची गणना सदनिकेच्या बांधकाम खर्चावर होते. त्यांतील पहिला सर्वसाधारण सभा ठरवते, पण तो वर्षाला किमान 0.75 टक्के असावा लागतो. दुसरा किमान 0.25 टक्के असतो आणि दोन्हींत जमिनीची किंमत धरली जात नाही. म्हणजे मोठ्या घराला या दोन रकमा आपोआपच जास्त लागतात.

म्हणून संपूर्ण बिल समान असेल तर ते चुकीचे आहे आणि संपूर्ण बिल चौरस फुटावर असेल तर तेही चुकीचेच आहे. बिलात या रकमा स्वतंत्र ओळींत दाखवा, अशी लेखी मागणी प्रथम करावी. माझा अनुभव असा की निम्मा वाद ओळी वेगळ्या झाल्यावरच मिटतो, कारण ज्याला आपण जास्त भरतो असे वाटत असते त्याला नेमके कशाचे जास्त भरतो हे तेव्हा प्रथम कळते.

3. मी तळमजल्यावर राहतो. लिफ्टचा खर्च मला का?

उपविधींत याचे उत्तर स्पष्ट आहे. ज्या इमारतीत लिफ्ट आहे त्या इमारतीतील सर्व सभासदांनी, ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत, तिच्या चालवण्याचा व दुरुस्तीचा खर्च समान वाटून घ्यायचा आहे. सोसायटीत चार इमारती असून एकीलाच लिफ्ट असेल, तर इतर तीन इमारतींवर तो खर्च टाकता येत नाही.

4. उन्हाळ्यात टँकरवर भरमसाट खर्च होतो. तो समान वाटायचा की माणशी?

पुण्याच्या उपनगरांत मार्चपासून हा प्रश्न दर आठवड्याला येतो. टँकरचे पाणीही अखेर पाणीच आहे, त्यामुळे त्याचा खर्च प्रश्न 2 मधील पाण्याच्या रीतीने, म्हणजे नळजोडांच्या हिशेबाने वाटणे उपविधींना धरून होते. माणशी आकारणी ऐकायला न्याय्य वाटते, परंतु ती राबवताना कोणाकडे किती पाहुणे राहिले याची मोजदाद समितीला करावी लागते आणि त्यातून पाण्यापेक्षा मोठे भांडण उभे राहते. ज्यांना खरोखर वापराप्रमाणे बिल हवे आहे त्यांनी प्रत्येक घराला मीटर बसवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत आणावा. जुन्या इमारतीत एका घरात स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय यांना पाणी वेगवेगळ्या उभ्या पाइपांतून येते, त्यामुळे एका घराला तीन-चार मीटर लागतात, हा खर्च ठराव मांडण्यापूर्वीच विचारात घ्यावा.

टँकर आला की त्याची नोंद चौकीदाराच्या वहीत वेळेसह आणि गाडीच्या क्रमांकासह झाली पाहिजे. आमच्याकडे एका महिन्यात बिलावर टँकर एकतीस आणि वहीत सव्वीस निघाले, तेव्हापासून वहीवर समितीच्या एका सदस्याची रोज सही घेतली जाऊ लागली.

5. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी जादा शुल्क किती घेऊ शकते?

हे बिनभोगवटा शुल्क होय. शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही आणि मुंबई उच्च न्यायालयाने ही मर्यादा ग्राह्य धरली आहे. हे दहा टक्के एकूण बिलाचे नसून केवळ सेवाशुल्काचे आहेत. एकूण बिल 4,500 रुपये आणि त्यात सेवाशुल्क 2,400 रुपये असेल, तर बिनभोगवटा शुल्क 240 रुपये होते, 450 नव्हे.

घरात सभासदाचे आईवडील, मुलगा, विवाहित मुलगी, नातवंडे असे कुटुंबीय राहत असतील तर हे शुल्क लागत नाही. घर नुसते कुलूपबंद असेल तरीही ते लागत नाही, कारण ते भाड्याने दिलेल्या घरासाठी आहे. विवाहित मुलगी राहते म्हणून शुल्क लावल्याच्या तक्रारी अजूनही येतात. त्या समित्यांनी उपविधी उघडून पाहावेत, एवढेच म्हणता येईल.

6. भाडेकरू ठेवण्यासाठी सोसायटीची एनओसी लागते का? आमची समिती अविवाहित मुलांना परवानगीच देत नाही.

आदर्श उपविधींनुसार पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने भाडेकरू येण्यापूर्वी किमान आठ दिवस सोसायटीला लेखी कळवायचे आहे आणि लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची आहे. करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडील सर्वांत चिवट गैरसमज आहे.

अविवाहित भाडेकरूंना मज्जाव करणारे कोणतेही कलम आदर्श उपविधींत नाही. समितीने परस्पर सूचना फलकावर तसा नियम लावला तर त्याला उपविधींचे बळ मिळत नाही. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चार मुलांना दिलेल्या घरात नऊ जण राहू लागले, पहाटे तीनला जिन्यात गाणी लागली, तर शेजाऱ्यांची तक्रार रास्त असते आणि तिची जबाबदारी घरमालक सभासदावर येते. तक्रार वर्तनाबद्दल, तारीख-वेळेसह आणि मालकाच्या नावे लिहावी. भाडेकरू अविवाहित आहे हे तक्रारीचे कारण होऊ शकत नाही.

7. मराठी आहे म्हणून, मांसाहारी आहे म्हणून किंवा धर्मामुळे घर नाकारले. कायदा काय म्हणतो?

येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत: सोसायटीने सभासदत्व नाकारणे आणि मालकाने घर विकायला किंवा भाड्याने द्यायला नकार देणे.

सोसायटीपुरते पाहिले तर अधिनियमाचे कलम 23 सांगते की पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर सभासदत्व मिळाल्याचे मानले जाते. नकाराविरुद्ध निबंधकांकडे, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या शासकीय अधिकाऱ्याकडे, अपील करता येते. अर्जदार काय खातो किंवा घरी कोणती भाषा बोलतो, ही आदर्श उपविधींतील अपात्रतेची कारणे नाहीत.

पण एक अवघड अपवाद आहे. अहमदाबादमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली असे ठरवले की नोंदणीकृत उपविधींतच सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित असेल, तर संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याच्या आधारे ती मर्यादा टिकू शकते. खटला गुजरातच्या कायद्याखालील असला तरी महाराष्ट्रातील समाजविशिष्ट जुन्या सोसायट्या त्याचाच आधार घेतात. म्हणून मूळ उपविधींत अशी अट आहे का, की समितीने ती तोंडी चालवली आहे, हे आधी तपासावे. बहुतेक ठिकाणी दुसराच प्रकार आढळतो.

खासगी मालकाच्या नकाराला मात्र सहकार कायदा पोहोचत नाही आणि खरी अडचण तेथेच आहे. नकार कधी कागदावर येत नाही. फोनवर आडनाव सांगेपर्यंत घर रिकामे असते आणि सांगितल्यावर ‘कालच गेलं हो’ असे ऐकू येते. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत पसरली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, ते नकाराचा पुरावा सर्वांसमोर आल्यामुळे. मुंबईत मराठी माणसाला घर नाकारले जाते याचा राग असणाऱ्यांपैकी काही जण आपल्या स्वतःच्या सोसायटीत मुस्लिम किंवा दलित भाडेकरूबद्दल काय बोलतात, हेही मी सभांतून ऐकले आहे. दोन्ही ठिकाणी वापरले जाणारे ‘आमच्यात चालत नाही’ हे शब्द सारखेच असतात.

8. बिल्डरने मला पार्किंग विकले आहे. सोसायटी ते काढून घेऊ शकते का?

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या दहिसरच्या प्रकरणात स्पष्ट केले की मोकळी जागा आणि स्टिल्ट, म्हणजे इमारतीच्या खांबांखालील जागा, हे सामाईक क्षेत्र असून बिल्डर ते स्वतंत्रपणे विकू शकत नाही. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या कायद्यानंतरच्या प्रकल्पांत आच्छादित पार्किंग किंवा बंदिस्त गॅरेज करारात नमूद करून विकता येते, उघडे पार्किंग मात्र आजही विकता येत नाही. त्यामुळे आपला प्रकल्प कोणत्या काळातला आहे आणि नोंदणीकृत करारात नेमके काय लिहिले आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. बिल्डरच्या लेटरहेडवरील वाटपपत्राचा उपयोग फार थोडा.

9. गाड्या चाळीस आणि जागा पंचवीस. वाटप कसे करायचे?

हा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, समितीचा नव्हे. आदर्श उपविधींची दिशा अशी की सामान्यतः एका सभासदाला एकच जागा मिळावी, सर्वांना पुरून उरल्यास दुसरी जागा वर्षापुरती द्यावी आणि जागा कमी असल्यास दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याला जागा अडवून ठेवता येत नाही आणि ती परस्पर भाड्याने तर मुळीच देता येत नाही.

चिठ्ठ्यांना सर्वांत मोठा विरोध पहिल्यापासून राहणाऱ्या सभासदांचा असतो. पंचवीस वर्षे एका खांबाशेजारी स्कूटर लावल्यावर त्या खांबावर आपला हक्क आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. एका सोसायटीत तर खांबावर कुटुंबाचे आडनाव ऑइलपेंटने लिहिलेले होते आणि त्या घरात गाडी राहिलेलीच नव्हती. ज्येष्ठ नागरिक व अपंग सभासदांसाठी लिफ्टजवळच्या काही जागा चिठ्ठीतून वगळण्याचा ठराव केला तर विरोध बराच निवळतो, असे दोन-तीन ठिकाणी पाहिले आहे.

10. वरच्या मजल्यावरून गळती होते. खर्च कोणाचा?

गळती कोठून होते यावर सारे अवलंबून आहे आणि ते शोधण्याआधीच आपण भांडायला लागतो. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून, पावसाच्या पाण्याने किंवा सामाईक उभ्या पाइपातून होणारी गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. गच्चीतून आलेल्या पाण्याने सर्वांत वरच्या घराच्या छताचा गिलावा खराब झाला तर तोही सोसायटीचाच खर्च आहे, तो वरच्या मजल्यावाल्यांनी आपसांत वाटून घ्यायचा नसतो. वरच्या घरातील शौचालय, न्हाणीघर किंवा सिंक यांतून होणारी गळती मात्र त्या घराच्या सभासदाने दुरुस्त करायची असते.

शोध घेण्याची साधी रीत अशी. ओल पावसाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात सुकते का, की बाराही महिने तशीच राहते, हे छायाचित्रांच्या तारखांवरून पाहावे. बारमाही ओल बहुधा घरातल्या पाण्याची असते. नंतर वरच्या न्हाणीघराची मोरी बुचाने बंद करून लाद्यांवर रंग मिसळलेले पाणी काही तास साठवून ठेवावे. खालच्या छतावर तोच रंग उतरला तर वाद संपतो. उतरला नाही तर पाइप तपासावा. हे प्लंबर आणि समितीचा एक सदस्य यांच्यासमोर करावे आणि त्याच दिवशी लिहून ठेवावे. वरचे सभासद घरात येऊच देत नसतील, तर सोसायटीने लेखी सूचना देऊन पाहणीची वेळ मागावी. पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याचा अधिकार उपविधींनी समितीला दिलेला आहे.

निम्मा-निम्मा खर्च करण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. ती नियमात नाही, पण नऊ महिने पोपडे पडत राहण्यापेक्षा ती स्वस्त पडते, हे मान्य करावे लागते.

11. थकबाकीवर समिती किती व्याज लावू शकते? पाणी तोडण्याची धमकी दिली जाते, ते योग्य आहे का?

आदर्श उपविधींनुसार सरळव्याजाने वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के आकारता येतात आणि प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो. 3,000 रुपये वर्षभर थकले तर व्याज 630 रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. संगणकावर बिले करणारे अनेक हिशेबनीस नकळत व्याजावर व्याज लावत जातात, म्हणून मागील वर्षाच्या बिलांशी ताळा जरूर करावा.

पाणी तोडण्याचा अधिकार उपविधींनी समितीला दिलेला नाही. समितीच्या हातात त्याहून परिणामकारक मार्ग आहे: कलम 154ब-29 खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. शिवाय थकबाकीदार सभासदाला समितीची निवडणूक लढवता येत नाही.

12. सभेला कोणी येत नाही. तरी ठराव वैध ठरतात का?

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस सभासद, यांतील जी संख्या कमी असेल ती. अर्ध्या तासात ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि सूचनेत तसे लिहिलेले असल्यास त्याच दिवशी पुन्हा भरते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे दोनशे घरांच्या सोसायटीत अकरा जणांनी केलेला ठरावही वैध असू शकतो आणि घरी बसलेल्या एकशे एकोणनव्वद जणांवर तो बंधनकारक होतो. पुनर्विकासाच्या सभेला हा सोपा मार्ग लागू नाही, त्यासाठी प्रश्न 19 पाहावा.

13. इतिवृत्त, हिशेब, उपविधी पाहायला मागितले तर समिती टाळते. माहिती अधिकारात अर्ज करू का?

सोसायटीकडे थेट माहिती अधिकाराचा अर्ज करून उपयोग होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली केरळच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवले की शासनाचे भरीव अर्थसाहाय्य किंवा नियंत्रण नसलेली सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण नसते. परंतु निबंधक कार्यालय सार्वजनिक प्राधिकरण आहे, त्यामुळे सोसायटीने तेथे सादर केलेली कागदपत्रे तेथून मागता येतात.

त्याआधी कलम 32 वापरावे. उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची व समितीच्या सभांची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी कार्यालयात विनामूल्य पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. शुल्क भरून प्रतीही मिळतात. अर्ज दोन प्रतींत करून एकीवर पोच घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरील निळ्या खुणेला निबंधक कार्यालयात पोच मानत नाहीत.

इतिवृत्ताविषयी एक वेगळी सूचना करावीशी वाटते. सभेत तासभर आवाज चढवून मांडलेला विरोध इतिवृत्तात आला नाही तर तो झालाच नाही असे धरले जाते. म्हणून विरोध असेल तर ‘माझा विरोध नोंदवावा’ हे शब्द उच्चारून, शक्य तर तेथेच चिठ्ठीवर लिहून अध्यक्षांकडे द्यावे.

14. मी परदेशात असतो. माझ्या वतीने भावाने सभेत मत दिले तर चालेल का?

दुबई, न्यू जर्सी, सिंगापूर येथून हा प्रश्न नेहमी येतो. सहकारी संस्थेत प्रतिनिधीमार्फत मतदान चालत नाही आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर भावाला मत देता येत नाही. मार्ग आहे तो सहयोगी सभासद करून घेण्याचा. पती-पत्नी, आईवडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, सून, जावई, पुतण्या-पुतणी किंवा भाचा-भाची यांना आपल्या लेखी शिफारशीवरून सहयोगी सभासद करता येते आणि आपल्या पूर्वसंमतीने ते आपले हक्क बजावू शकतात. मित्र किंवा शेजारी या यादीत बसत नाहीत.

15. वडिलांनी नॉमिनी म्हणून फक्त धाकट्या भावाचे नाव दिले होते. आता घर त्याचेच का?

नाही. घराघरांत सर्वाधिक कटुता या एका गैरसमजाने निर्माण होते. नामनिर्देशन म्हणजे सोसायटीने कोणाशी व्यवहार करावा याची सोय आहे. वारसा त्याने ठरत नाही, तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात सांगितले की सोसायटीने नामनिर्देशिताच्या नावे हस्तांतर करावे, पण इतर वारसांचा मालकीचा दावा त्याने संपत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सभासद म्हणूनच घेतले जाते. मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा हक्कदारांनी आपसांत केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त सादर झाल्यावर कायम सभासदत्व दिले जाते.

बहिणींच्या बाबतीत मुद्दाम लिहितो. ‘बहिणी काही मागणार नाहीत’ या भरवशावर समितीने हस्तांतर करू नये. हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे, सोसायटीच्या लेटरहेडवरील सह्या पुरेशा नाहीत.

16. फ्लॅट विकताना सोसायटीने एक लाख रुपये देणगी मागितली. द्यावी लागेल का?

नाही. हस्तांतर शुल्क 500 रुपये आणि नव्या सभासदाचे प्रवेश शुल्क 100 रुपये आहे. हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे ट्रान्सफर प्रीमियम, सर्वसाधारण सभेने ठरवायचे असते, पण महापालिका क्षेत्रात ते 25,000 रुपयांहून अधिक असू शकत नाही. कुटुंबातील व्यक्तीच्या नावे हस्तांतर होत असेल तर अधिमूल्य लागत नाही. देणगी या नावाखाली जादा रक्कम घेण्यास मनाई आहे. खरेदीदाराला ताबा हवा असतो, विक्रेत्याला उरलेले पैसे हवे असतात, त्यामुळे दोघेही मुकाट्याने देतात आणि प्रथा चालू राहते. निदान पावती मागावी. पावतीचा विषय निघाला की आकडा खाली येतो.

17. गणपतीची वर्गणी मेंटेनन्स बिलात जोडली आहे. कुत्रा पाळला म्हणून दंडही लावला आहे. हे चालते का?

दोन्ही रकमांमागे बहुमत असेल, तरी बहुमताने सर्व काही करता येत नाही. सांस्कृतिक कार्यक्रम करणे हे सोसायटीच्या उद्देशांत बसते, त्यामुळे सभेने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकातून माफक खर्च होऊ शकतो. वर्गणी मात्र ऐच्छिक असावी आणि न दिल्यास ती थकबाकी म्हणून दाखवून तिच्यावर व्याज लावणे गैर आहे. मंडपाशेजारच्या फळ्यावर वर्गणी न देणाऱ्यांची नावे लिहिण्याची चाल तर सणाला शोभत नाही.

पाळीव प्राण्यांबाबत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बहुमतानेही प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टचा वापरही सरसकट नाकारता येत नाही. कुत्र्याची घाण उचलणे, त्याला साखळीने धरून नेणे, लसीकरण करणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे आणि तिची आठवण करून देण्याचा सोसायटीला पूर्ण अधिकार आहे.

18. बिल्डरने अजून जमीन सोसायटीच्या नावे केलेली नाही. तीस वर्षे झाली.

मोफा, म्हणजे 1963 च्या सदनिका मालकी कायद्याखालील नियमांनुसार सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण, बोलीभाषेत कन्व्हेयन्स, व्हायला हवे. बिल्डरने ते केले नाही, तर 2008 च्या दुरुस्तीमुळे जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. बिल्डर हयात नसला, कंपनी बंद पडली असली तरी अर्ज करता येतो. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशे, सभासदांचे नोंदणीकृत करार आणि सूची दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडील दस्ताचा गोषवारा, हे कागद गोळा करण्यातच खरा वेळ जातो. ज्या सोसायटीत मूळ करारांच्या प्रती एका फायलीत लावलेल्या आहेत तेथे काम महिन्यांत होते, इतरत्र वर्षे लागतात.

19. पुनर्विकासाला किती जणांची संमती लागते? आम्ही थोडे जण विरोधात आहोत.

शासनाच्या 4 जुलै 2019 च्या निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती लागते आणि त्यासाठीच्या विशेष सभेला दोन तृतीयांश उपस्थिती असावी लागते. पूर्वीच्या 75 टक्क्यांचा आकडा अजूनही सभांतून ऐकू येतो, तो जुना झाला. बहुमताने रीतसर ठराव झाल्यावर केवळ नको म्हणून अडून बसलेल्या अल्पमताला न्यायालयातून दिलासा मिळणे कठीण असते. परंतु सभेची सूचना, निविदा उघडण्याची रीत, वास्तुतज्ज्ञाची नेमणूक यांत त्रुटी असेल तर तो आक्षेप टिकतो.

म्हणून विरोधकांनी आपली शक्ती नकारापेक्षा अटींवर खर्च करावी: भाड्याची रक्कम आगाऊ धनादेशांनी मिळणार का, बँक हमी किती, काम थांबल्यास करार रद्द करण्याची मुदत कोणती, चटईक्षेत्र रेराच्या व्याख्येनेच मोजले आहे का. अर्धवट सांगाड्यासमोर उभे राहून दुसऱ्या शहरात भाडे भरणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, ते बँक हमीचे कलम सर्वांत आधी वाचतात. घाई असल्याचे सांगितले जात असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची ही तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी, त्यामुळे तीस वर्षांच्या इमारतीत एकही अहवाल नसेल तर प्रश्न आधी समितीला विचारायला हवा.

20. तक्रार नेमकी कोठे करायची? आम्हाला एका कार्यालयातून दुसरीकडे पाठवले जाते.

पाठवले जाते याचे कारण बहुतेक वेळा अर्जात पाच विषय एकत्र असतात. सभासदत्व, कागदपत्रे न देणे, सभा न घेणे, जादा अधिमूल्य, निवडणूक यांसंबंधीच्या तक्रारी उपनिबंधकांकडे कराव्यात. पैशांचा वाद, गळतीची नुकसानभरपाई, ठरावाला आव्हान, पार्किंगचे वाटप हे कलम 91 खाली सहकार न्यायालयाचे विषय आहेत. बिल्डरविरुद्धच्या तक्रारी महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याचे प्राधिकरण, किंवा ग्राहक आयोग यांच्याकडे न्याव्यात. शिवीगाळ, मारहाण, अडवणूक यांसाठी पोलीस ठाणे आहे, उपनिबंधक त्यात काही करू शकत नाहीत.

एका अर्जात एकच विषय लिहावा, सोबत आधी समितीला दिलेल्या अर्जाची पोच जोडावी आणि काय हवे आहे ते शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात मांडावे. माझ्याकडे आलेला सर्वांत चांगला तक्रार अर्ज एका निवृत्त शिक्षिकेचा होता. त्यात फक्त सात ओळी होत्या, चार छायाचित्रे होती, प्रत्येकामागे पेन्सिलने तारीख होती आणि तिच्या छताची गळती त्या पावसाळ्याआधी बंद झाली.